जर्मनीत डिपेंडंट व्हिसावर आलात आणि नोकरी करायचीये? मग आधी हे कागद लावून घ्या

जोडीदाराच्या ब्लू कार्डमुळे (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) फॅमिली रियुनियन व्हिसावर, म्हणजेच डिपेंडंट म्हणून, जर्मनीत आला असाल, तर पहिलीच गोष्ट सांगून टाकते, तुम्हाला काम करायची परवानगी आहे. आल्या दिवसापासून. वेगळं वर्क परमिट नाही, कंपनीने स्पॉन्सर करायची भानगड नाही, अमेरिकेतल्या एच-फोर (तिकडचा डिपेंडंट व्हिसा) वाल्यांसारखी ईएडीची, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कार्डाची, वाट बघणं नाही. तरीही आपल्याकडच्या कितीतरी जणी (आणि हल्ली बरेच जणसुद्धा) पहिलं वर्ष "आधी जर्मन शिकते, मग बघू" म्हणत घालवतात, आणि मग नोकरी समोर आली की कळतं की टॅक्सचा नंबर कुठे पडलाय माहीत नाही, डिग्रीचे कागद पुण्याला कपाटात, आणि पोराला पाळणाघरात जागा नाही. इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो, म्हणून नोकरी सहा महिन्यांनी करायची असेल तरी कागद पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.

मी ज्या क्रमाने केलं आणि नंतर ओळखीतल्या नव्या लोकांना सांगत आले, त्याच क्रमाने लिहितेय.

० : निघण्याआधी बॅगेत काय हवं

अजून भारतात असाल तर हे वाचा, आलेले असाल तर घरच्यांना कामाला लावा.

- डिग्री सर्टिफिकेट ओरिजिनल (प्रोव्हिजनल नव्हे, कॉन्व्होकेशनचं), सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट्स, जमल्यास ट्रान्स्क्रिप्ट
- आधीच्या सगळ्या कंपन्यांची एक्स्पिरियन्स लेटर्स, आणि त्यात नुसत्या तारखा नकोत, काम काय करत होता ते पण लिहून घ्या
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि जन्मदाखला
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रत
- मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले आणि लसीकरणाचं कार्ड. गोवराची लस झाल्याचा पुरावा नसेल तर इथे पाळणाघरात घेतच नाहीत

एक्स्पिरियन्स लेटरबद्दल मुद्दाम सांगते, कारण इथे नोकरी सोडताना कंपनी "आर्बाइट्सत्सॉयग्निस" नावाचं चांगलं सविस्तर पत्र देते, कामं काय केली, कशी केली, सगळं. एचआरला ते वाचायची सवय असते. आपलं "धिस इज टू सर्टिफाय दॅट" चं चार ओळींचं पत्र त्यांना फार रिकामं वाटतं. जुन्या मॅनेजरशी अजून बोलणं असेल तर एक पान लेटरहेडवर लिहून मागा, दोन वर्षांनी तोच मॅनेजर कुठे असेल सांगता येत नाही.

१ : व्हिसावर काय लिहिलंय ते वाचा

पासपोर्टमधला स्टिकर नीट बघा. त्यावर "एरवेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट" असं असलं (जुन्या कागदांवर शेवटी "गेश्टाटेट" असायचं) तर नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. हीच ओळ पुढे रेसिडन्स कार्डावर किंवा सोबतच्या हिरव्या पुरवणी कागदावर येते.

व्हिसा संपायच्या आत आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, रेसिडन्स परमिटसाठी अर्ज गेलाच पाहिजे. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट महिनोन्महिने मिळत नाही, तर अर्ज मेलने किंवा ऑनलाइन पाठवून ठेवा आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. मधल्या काळासाठी ते "फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग" नावाचा कागद देतात, जुना हक्क तसाच चालू असल्याचा. तो हातात घेतल्यावर काउंटरवरच उभं राहून वाचा, कामाच्या परवानगीची ओळ त्यात आहे का. नसेल तर तिथल्या तिथे विचारा. एकदा दाराबाहेर पडलात की पुढची अपॉइंटमेंट कधी, देव जाणे.

२ : आनमेल्डुंग, आणि लेटरबॉक्सवर तुमचं नाव

घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, पत्ता नोंदवायचा, हीच आनमेल्डुंग. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, आणि घरमालकाच्या सहीचा "वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग" हा फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, आणि जोडीदार आधीपासून त्याच घरात राहत असला तरी तुमच्या नावाचा हा फॉर्म वेगळा घ्यावा लागतो. बरेच जण इथेच अडकतात.

फॉर्ममध्ये धर्म विचारतात, तो चर्चच्या टॅक्ससाठी, चर्चचे सदस्य नसाल तर लागू नाही.

ही नोंदणी झाली की काही आठवड्यांत पोस्टाने ११ आकडी टॅक्स आयडी येतो, इथे "श्टॉयर आयडी" म्हणतात. आता खरी गंमत इथे आहे. पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेक नसतोच, तो लेटरबॉक्सवरचं आडनाव बघतो. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल आणि बॉक्सवर फक्त नवऱ्याचं, तर पत्र सरळ परत जातं आणि तुम्ही बसता वाट बघत. पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर दोन्ही आडनावं लिहून बॉक्सवर आणि खालच्या बेलवर चिकटवा. इमारतीची व्यवस्था बघणारा माणूस, हाउसमाइस्टर, नंतर नीट पाटी लावून देईल, तोपर्यंत सेलोटेप झिंदाबाद. आयडी आलाच नाही तर बुंडेसत्सेंट्रालआम्ट फ्युअर श्टॉयर्न, म्हणजे केंद्रीय टॅक्स ऑफिस, यांच्या वेबसाइटवर फॉर्म भरून पुन्हा मागवता येतो, तोही पोस्टानेच येतो. फोनवर सांगत नाहीत.

३ : नावाचा घोळ, यात मराठी माणसं हमखास अडकतात

आपल्या पासपोर्टमध्ये "गिव्हन नेम" च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं अशी दोन नावं असतात. समजा स्वाती मंदार कुलकर्णी. जर्मन ऑफिसला मधलं नाव ही भानगडच कळत नाही, त्यांच्या सिस्टिममध्ये पहिलं नाव "स्वाती मंदार" असं जातं, आणि मग सगळी सरकारी पत्रं त्याच नावाने. कधीकधी "हेर कुलकर्णी" (म्हणजे श्री. कुलकर्णी) म्हणून पण येतात, कारण यातलं बाईचं नाव कुठलं आणि पुरुषाचं कुठलं हे समोरच्या माणसाला कळायला मार्ग नाही.

यावर माझा नियम असा:

- सरकारी फॉर्म, बँक, विमा, नोकरीचा करार : अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे
- बायोडेटा, लिंक्डइन, ईमेल : फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव

फॉर्ममध्ये "गेबुर्ट्सनामे" असा रकाना येतो, तिथे जन्माचं आडनाव म्हणजे माहेरचं लिहायचं, मोकळा सोडायचा नाही. पेन्शन विम्याचा नंबर असतो ना, त्यात मधोमध जे एक अक्षर येतं ते याच जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं (आधीचे सहा आकडे म्हणजे जन्मतारीख). एकीकडे कुलकर्णी आणि दुसरीकडे माहेरचं गोखले असं कधी इकडे कधी तिकडे लिहिलंत तर एकाच बाईचे दोन नंबर तयार व्हायची शक्यता असते, आणि ते निस्तरायला पत्रापत्री करत बसावी लागते.

डिग्री माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर प्रत्येक अर्जासोबत विवाह प्रमाणपत्र जोडा. आपलं महाराष्ट्रातलं प्रमाणपत्र मराठी-इंग्रजीत असतं, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं. कुणी जर्मनच मागितलं तर भाषांतर इथल्या कोर्टात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. गुगल ट्रान्सलेटची प्रिंट नेऊ नका, कुणीही घेत नाही.

४ : आरोग्य विमा

जोडीदार सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, असेल (टीके, आओके, बार्मर वगैरे) तर तुम्ही त्याच्या नावावर फुकट येता, याला फामिलिएनफरझिशरुंग म्हणतात. मुख्य अट ही की तुमचं उत्पन्न मर्यादेच्या आत पाहिजे, २०२६ मध्ये ती महिना ५६५ युरो आहे, मिनीजॉब (छोटी नोकरी, पुढे ९ मध्ये सांगते) असेल तर ६०३ युरोपर्यंत. त्याच्यावर पगार गेला की तुमचा स्वतःचा विमा सुरू होतो, पगारातून कापून जातो, अर्धा भार कंपनी उचलते. कासे कुठली ते तुम्ही ठरवायचं आणि कंपनीला सांगायचं. पेन्शन विम्याचा नंबर नसेल तर बहुतेक वेळा तीच कासे तो पण काढून देते.

जोडीदार प्रायव्हेट विम्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फुकट काही नाही, तुमचा हप्ता वेगळा. नवरा किंवा बायको अजून ठरवत असेल तर तुम्ही येईपर्यंत प्रायव्हेटमध्ये जाऊ नका म्हणावं. सुरुवातीला स्वस्त दिसतं, कुटुंब आलं की हिशोब उलटतो, आणि तिथून परत फिरणं सोपं नसतं.

५ : टॅक्स क्लास, यावरून घरात भांडणं होतात

लग्न झालेली आणि दोघंही जर्मनीत नोंदलेली असाल तर साधारणपणे दोघांनाही क्लास ४ लागतो (पगारातून दर महिन्याला किती टॅक्स कापायचा हे या क्लासवरून ठरतं). जोडीदार आधी एकटा आला असेल तर त्याच्याकडे १ असतो, तुमच्या आनमेल्डुंगनंतरच्या पगारस्लिपवर तो बदलला का बघून घ्या, नसेल तर फिनान्झआम्टला, म्हणजे टॅक्स ऑफिसला, कळवा.

एकटाच कमावत असताना ३ आणि ५ ची जोडी घ्यायचा सल्ला सगळे देतात, ३ वाल्याच्या हातात महिन्याला जास्त पैसे येतात म्हणून. ठीक आहे. पण तुम्ही नोकरी लागून क्लास ५ मध्ये पहिला पगार बघितलात की डोळे पांढरे होतात, इतका कापलेला असतो. आणि मग घरात "एवढ्यासाठी कशाला नोकरी करतेस" सुरू होतं. तर नीट समजून घ्या, वर्षाच्या शेवटी दोघांचा एकत्र हिशोब होतो आणि एकूण टॅक्स क्लास कुठलाही असो तेवढाच भरावा लागतो. फरक फक्त दर महिन्याला कुणाच्या खात्यातून किती आधी जातो एवढाच.

म्हणजे काही बिघडत नाही का? बिघडतं. बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ड (मूल सांभाळणाऱ्या आईबाबांचा भत्ता), बेकारी भत्ता, मोठ्या आजारपणातले पैसे, हे सगळं तुमच्या हातात पडणाऱ्या पगारावरून ठरतं. क्लास ५ मुळे तो कागदावर कमी दिसतो आणि हे सगळे भत्तेपण कमी होतात, ते वर्षाच्या शेवटी कुणी भरून देत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, नोकरी लागली की ४-४ वर या. एल्स्टर या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन बदलता येतं, फी नाही. मूल व्हायचा विचार असेल तर बदल बराच आधी करा, कारण एल्टर्नगेल्डसाठी मागच्या १२ महिन्यांत जो क्लास जास्त महिने होता तो धरतात. आणि ३-५ मध्ये राहिलात तर टॅक्स रिटर्न भरणं सक्तीचं आहे हे विसरू नका.

६ : डिग्री चालते का

आधी हे बघा की तुमचं काम "रेग्युलेटेड" आहे का. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फार्मसिस्ट, फिजिओथेरपिस्ट, सरकारी शाळेतले शिक्षक यांना मान्यता मिळाल्याशिवाय त्या पदावर कामच करता येत नाही, आणि त्यासाठी भाषा पण चांगली लागते, नर्सला साधारण बी-टू (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत चढत जातात), डॉक्टरला सी-वन पातळीची वैद्यकीय जर्मनची परीक्षा. यात वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं, तर विमानातून उतरल्यापासून याच्या मागे लागा.

आयटी, मार्केटिंग, फायनान्स, एचआर, डिझाइन, यांना कायद्याने मान्यतेची गरज नाही. तरी अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आपली युनिव्हर्सिटी शोधा. तिच्यापुढे "एच प्लस" (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि डिग्रीपण यादीत असेल तर त्या पानांची प्रिंट काढून ठेवा. शोधताना कॉलेजचं नाव टाकून काही सापडलं नाही म्हणून घाबरू नका, आपल्याकडे डिग्री युनिव्हर्सिटी देते, तिचं नाव टाका. डिग्री यादीत नसेल तर झेडएबी (परदेशी डिग्र्या तपासणारं सरकारी ऑफिस) कडून मूल्यांकनाचं पत्र काढता येतं, फी २०८ युरो. एचआरला समजावत बसण्यापेक्षा ते बरं पडतं.

७ : जर्मन किती यायला हवं

खरं सांगू? बर्लिन आणि म्युनिकमधल्या आयटी कंपन्या सोडल्या तर बी-वनच्या खाली पर्याय फारच थोडे, आणि बी-टू झालं की दारं एकदम उघडतात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वन लागत नाही, म्हणून लोक काहीच न शिकता येतात, आणि मग इथे महागडे क्लास लावतात. फोल्क्सहोखशूले, म्हणजे गावोगावची लोकशिक्षण शाळा, तिथले क्लास स्वस्त आणि चांगले असतात. आउसलेंडरबेहोर्डेमध्ये इंटिग्रेशन कोर्सचा हक्क आहे का तेही विचारा, तो साधारण ७०० तासांचा असतो. आर्बाइट्सआगेंटूरमध्ये, म्हणजे रोजगार कार्यालयात, नोकरी शोधतेय म्हणून नाव घाला. इथे कधी काम केलेलं नसलं तरी नाव घालता येतं, भत्ता मिळणार नाही पण सल्ला मिळतो आणि नोकरीसाठीच्या जर्मन कोर्सचा रस्ता तिथूनच जातो.

मुलं लहान असतील तर पाळणाघराचा अर्ज याच आठवड्यात टाका. मूल १ वर्षाचं झालं की जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क वेगळा आणि जागा वेगळी. जागा मिळाली तरी "आइनगेव्योनुंग" म्हणून सुरुवातीचे काही आठवडे आईला किंवा बाबाला रोज सोबत बसावं लागतं, आधी अर्धा तास, मग एक तास असं वाढवत. नोकरी आणि पाळणाघर एकाच तारखेला सुरू करायचं ठरवू नका, जमत नाही.

८ : अर्ज करताना

बायोडेटा दोन पानांचा, सगळ्यात नवीन काम वर, तारखा महिन्यासकट. आणि वर नाव-पत्त्याखालीच एक ओळ टाका की तुम्हाला कामाची पूर्ण परवानगी आहे, व्हिसा स्पॉन्सरशिप लागत नाही. भारतीय नाव बघून एचआर मनातल्या मनात "हिच्या व्हिसाचं काय" म्हणत अर्ज बाजूला ठेवतं, तुम्ही ते आधीच मिटवून टाकायचं. नवरा काय करतो, मुलं किती, हे लिहायची गरज नाही. फोटो सक्तीचा नाही, पण बरेच जण लावतात, लावलात तर स्टुडिओतला लावा, लग्नातला कापलेला नको.

करिअरमधली गॅप लपवू नका. लग्न, स्थलांतर, भाषेचा कोर्स, असं सरळ महिन्यांसकट लिहा. मोकळी जागा दिसली की त्यांना जास्त संशय येतो.

डिग्री, मार्कशीट, एक्स्पिरियन्स लेटर सगळं एका पीडीएफमध्ये. स्टेपस्टोन, इंडीड, लिंक्डइन आणि आर्बाइट्सआगेंटूरचं स्वतःचं जॉब पोर्टल, चारही बघत राहा, लहान गावातल्या कंपन्या शेवटच्यावरच जास्त असतात.

९ : मिनीजॉब, डबे, आणि भारतातली रिमोट नोकरी

मिनीजॉब म्हणजे २०२६ मध्ये महिना ६०३ युरोपर्यंतचं काम. विमा जोडीदाराकडचाच राहतो, हातात जवळजवळ सगळे पैसे येतात. भाषा सुधारायला, घराबाहेर पडायला उत्तम. पण त्यात बेकारी विमा नाही, आणि कितीतरी जणी तिथेच वर्षानुवर्षं राहून जातात, इंजिनिअर असून. सहा महिने ठीक, पुढे नको. ताशी किमान वेतन २०२६ पासून १३.९० युरो आहे, त्याखाली कुणी देत असेल तर तो ओळखीचा देशी रेस्टॉरंटवाला का असेना, नाही म्हणा. रोखीने पैसे आणि कागद नाही, असलं काम तर अजिबात नको, पुढे परमिट वाढवताना तुमच्याच गळ्याशी येतं.

घरून डबे, दिवाळीचा फराळ, केक विकायची आयडिया सगळ्यांना सुचते. करता येतं, पण गेवेर्बे म्हणून धंद्याची नोंद, फिनान्झआम्टचा फॉर्म, आणि खाण्याचे पदार्थ म्हणून गेझुंडहाइट्सआम्टकडून, म्हणजे आरोग्य ऑफिसकडून, स्वच्छतेचं छोटं प्रशिक्षण घेऊन मिळणारं सर्टिफिकेट, एवढं लागतं. शिवाय स्वयंपाकघराचे नियम आपल्या गावच्या ऑफिसला आधी विचारा, आणि घरमालकालाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर चकलीचे भाव टाकून मोकळं होऊ नका.

आणि तिसरं, "मी माझी पुण्यातली नोकरीच रिमोट चालू ठेवते, पगार तिकडच्या खात्यात". याचं टेन्शन घ्याच. तुम्ही जर्मनीत राहून काम करता म्हणजे त्या पगारावर टॅक्स आणि सोशल सिक्युरिटीचा प्रश्न इथे येतो, खातं कुठल्याही देशात असो. कंपनीलासुद्धा इथले नियम लागू होऊ शकतात. एकदा श्टॉयरबेराटरला, म्हणजे टॅक्स सल्लागाराला, पैसे देऊन विचारा, फेसबुकवर विचारू नका.

१० : करार हातात आला

सही करण्याआधी बघायच्या गोष्टी: पगार ब्रुटो म्हणजे कापण्याआधीचा लिहिलेला असतो, इंटरनेटवर ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटर आहेत तिथे टॅक्स क्लास टाकून हातात काय पडतं बघा. करार मुदतीचा की कायमचा. सुट्ट्या, ५ दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २०, पण बहुतेक चांगल्या कंपन्या ३० च्या आसपास देतात. प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशनचा काळ, जास्तीत जास्त ६ महिने, त्यात २ आठवड्यांच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना मोकळं होता येतं, म्हणून त्या काळात भारताचं महिन्याभराचं तिकीट काढायच्या आधी बॉसला विचारा.

जॉइन होताना कंपनी हे मागते: टॅक्स आयडी, पेन्शन विम्याचा नंबर, क्रांकनकासेचं नाव, स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचा आयबीएएन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), रेसिडन्स कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी आणि पुरवणी कागद. टॅक्स आयडी तुम्ही देतच नाही म्हटल्यावर क्लास ६ ने म्हणजे सगळ्यात जास्त टॅक्स कापतात. बँक खातं शक्यतो स्वतःचं उघडा, जॉइंट असलं तरी एक आपलं वेगळं असू द्या.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर डॉक्टरकडून आजारपणाची नोंद लागते, सरकारी विम्यात ती ऑनलाइनच जाते, पण काही कंपन्या पहिल्या दिवसापासून मागतात, करारात बघा. आणि रेसिडन्स कार्डाची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, संपायच्या तीन-चार महिने आधीची, कारण कार्ड संपलं आणि नवीन कागद दाखवता आला नाही तर कंपनीला तुम्हाला कामावर ठेवता येत नाही.